वीव्हर्समधली हजेरी

वीव्हर्स आर्म्स, मिल लेन,
ब्रॅकनशॉ
१४ जानेवारी २०१९

प्रिय क्लिफ,

ब्रुअरीने आपला वीव्हर्स पब विकला. शुक्रवारी ब्रुअरीच्या माणसाने फोनवर सांगितलं. त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, म्हणून आज सकाळी मी नगरपालिकेत जाऊन श्री. टॅटरसॉल यांना विचारलं. त्यांनी कागद काढून बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि म्हणाले, "हो, मिसेस ओग्डन. खरं आहे." इथे बारा फ्लॅट होणार आहेत. मला २९ मार्चला किल्ल्या द्यायच्या आहेत.

हे जेनीनच्या फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "ऐकू येत नाही" म्हणतोस आणि तुला सगळं ऐकू येत असतं, म्हणून लिहिते.

आपला पहिला अर्ज फेटाळल्याचं तुला ठाऊक आहेच. हा पब गावाच्या उपयोगाचा आहे, आम्हाला संधी दिल्याशिवाय तो विकू नये, असं आपण मागितलं होतं. त्यात काही त्रुटी निघाल्या. डिसेंबरात आम्ही दुसरा अर्ज दिला, चांगल्या चाळीस सह्यांचा. पण विक्रीचा करार त्याच्या अकरा दिवस आधी होऊन गेला होता, हे आज कळलं. करार आधी आणि अर्ज नंतर असेल तर त्यांना काही करता येत नाही, असं टॅटरसॉल म्हणाले. माणूस वाईट नाही. दारापर्यंत सोडायला आला.

५ तारखेची हजेरी नेहमीसारखी झाली. नेमका त्याच दिवशी एक माणूस मापं घ्यायला आला होता, तो घेणाऱ्यांचा हे आता कळलं. कीरन नाव, तिशीचा असेल. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरपाशी उभा राहून समोरच्या भिंतीवर यंत्रातून लाल ठिपका मारत होता. डेरिक पॉमफ्रेट त्याला म्हणाला, "बाळा, तिथून सरक. ती रसेलची जागा आहे."

"रसेल आला की सरकतो."

"तो पंचवीस वर्षं झाली येतोय. सरक."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. महिन्यातल्या पहिल्या घरच्या, म्हणजे आपल्या मैदानावरच्या, फुटबॉल सामन्याला सव्वादोनला घंटा होते, वहीतली त्रेचाळीस नावं वाचली जातात, ज्याने त्याने आपल्या ठरलेल्या जागी उभं राहून "इथंच" म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून मैदानाकडे चालत सुटायचं. तो म्हणाला, "आणि जे मेले त्यांचं?" मी म्हटलं, त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहून म्हणतं, नाव कधी कापत नाही.

"त्रेचाळिसात मेलेले किती?"

"अकरा."

"आणि संघ कुठे आहे सध्या?"

"चौथ्या श्रेणीत, खालून तिसरा."

"मग ते अकराच सुटले म्हणायचे," तो म्हणाला. डेरिक इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मी हसले नाही. माझा टेड त्या अकरांत आहे, आणि तुझा रसेलही.

रसेलसाठी मीच उभी राहिले. तुला कबूल केलं होतं तसं.

तुझी,
बर्नी


हाउगेसुंड
नॉर्वे, २७ जानेवारी २०१९

प्रिय बर्नी,

पत्र गुरुवारी मिळालं. काय लिहिलंय म्हणून जेनीनने विचारलं, तेव्हा बर्नीचे गुडघे दुखतायत असं मी सांगितलं. ते दुखत असणारच, त्यामुळे लेकीशी खोटं बोललो असं होत नाही.

चार दिवस माझ्या डोक्यात एकच चाललंय. तुम्ही १ सप्टेंबरला अर्जाचा कागद भरलात आणि आठव्या ओळीची सही राहिली म्हणून तो मला इकडे पाठवलात. मला तो सात तारखेला मिळाला. मी तो खणात ठेवला. अठ्ठावीस तारखेला पोस्टात टाकला. तीन आठवडे, बर्नी. तुमचा दुसरा अर्ज अकरा दिवस उशिरा पोचला. एकविसातून अकरा गेले की काय उरतं ते कळायला मास्तर असावं लागत नाही. मी वेळेवर सही केली असती तर तुमचा पहिला अर्ज लवकर फेटाळला गेला असता, दुसरा लवकर गेला असता, आणि ब्रुअरी हात चोळत बसली असती.

आणि ती त्रुटीही माझीच असणार. मी इकडे राहायला आलेला, माझी सही कशी चालेल? तू सांगत नाहीस, पण तुझं न सांगणं मला पन्नास वर्षं ओळखीचं आहे.

कागद खणात का ठेवला हे विचारू नकोस. निदान या पत्रात नको.

गेल्या शनिवारी जावई ओइविंड मला बंदरावरच्या पबात घेऊन गेला. इथल्या लोकांना आपल्याकडच्या फुटबॉलचं वेड आहे. आत तीस-चाळीस नॉर्वेजियन, सगळे एका बड्या इंग्लिश क्लबच्या लाल जर्सीत, ज्या गावात कधी पाऊल टाकलं नाही त्या गावाची गाणी इंग्रजीत म्हणत होते, सूर आपल्यापेक्षा बरा. एकाने मला विचारलं, तुमचा क्लब कोणता? मी म्हटलं, ब्रॅकनशॉ टाऊन. त्याने मित्राला विचारलं, मित्राने फोनमध्ये बघितलं आणि ओरडला, "अरे आहे! खरंच आहे!" त्या आनंदात त्यांनी मला बिअर पाजली. ओइविंडने मला तिची किंमत बघू दिली नाही.

हजेरीचं मी त्यांना काही सांगितलं नाही.

एक विचारतो. सातव्या नावाला, रसेलच्या, तू बोलतेस, ते मला माहीत आहे. आठव्याला, माझ्या नावाला, काय होतं? जिवंत माणसासाठी दुसऱ्याने बोलायचं नाही, त्याने स्वतः यावं, हा नियम मीच केलेला, तेव्हा कुणी काही म्हणत नसेल हे उघड आहे. पण डेरिक पुढचं नाव लगेच वाचतो की जरा थांबतो?

इथे मेलो तर निदान माझी हजेरी पुन्हा सुरू होईल, असं मनात धरून होतो. आता तेही गेलं.

तुझा,
क्लिफ


वीव्हर्स
७ फेब्रुवारी २०१९

प्रिय क्लिफ,

थांबतो. थांबू नकोस म्हणून मी त्याला दोनदा सांगितलं, तरी थांबतो.

सप्टेंबरचं मनाला लावून घेऊ नकोस. गावातले एकवीस मतदार लागतात, आपले दोन कमी भरले. तेवढंच. यात तुझ्या एकट्याचं काही नाही, आणि तो विषय आता उकरून उपयोगही नाही.

इकडे सगळ्यांना काहीतरी करायचंय आणि करण्यासारखं काही राहिलेलं नाही. डेरिकने साखळी विकत आणली. किल्ल्या द्यायच्या दिवशी स्वतःला बिअरच्या नळांना बांधून घेणार म्हणतो. त्याची एल्सी सगळ्यांसमोर म्हणाली, "बांधून घे. पण तुला तासातासाला लघवीला जावं लागतं, तेव्हा किल्ली माझ्याकडे दे." साखळी आता त्यांच्या फाटकाला आहे.

मी क्लबच्या चेअरमनकडे गेले होते. चहा दिला. मुख्य स्टँडखाली त्यांनी नवं लाउंज केलंय, तिथे हजेरी घ्या म्हणाले. फक्त प्रत्येकाकडे पास पाहिजे, आणि आगीच्या नियमामुळे सगळ्यांनी बसून राहायला हवं. मी म्हटलं, साहेब, आमच्यात उभं राहणं हीच हजेरी आहे. ते म्हणाले, मिसेस ओग्डन, खुर्च्या चांगल्या आहेत.

शनिवारी तीन-शून्य हरलो. हरलो की बरं असतं, पबाचा विषय निघत नाही.

बर्नी


हाउगेसुंड
२० फेब्रुवारी २०१९

बर्नी,

तू विषय उकरू नको म्हणालीस. मला झोप येत नव्हती, म्हणून तुझं पत्र यायच्या आधीच मी टॅटरसॉल यांना लिहिलं होतं. चूक माझ्या सहीची आहे, मी बावन्न वर्षं मिल लेनवर राहिलो, माझं नाव धरावं आणि प्रकरण पुन्हा बघावं, अशी विनंती केली. त्यांचं उत्तर काल आलं. अर्जावर सही करणारा म्हणून त्यांनी मला त्या पानाची प्रतही पाठवली आहे. फार सभ्य पत्र आहे.

ते लिहितात: चोवीस नावांपैकी एक (ते मी) परदेशी गेल्याने मतदार यादीतून निघालेलं. उरलेल्या तेविसांपैकी चार व्यक्ती हयात नाहीत. म्हणून ग्राह्य नावं एकोणीस.

हयात नाहीत.

मी पान जेनीनच्या दिव्याखाली धरलं; सप्टेंबरात माझी नजर आठव्या ओळीच्या रकान्यावरून हललीच नव्हती. दुसरी ओळ, आल्फ्रेड टिंडल. पाचवी, एडवर्ड ओग्डन, म्हणजे तुझा टेड. सातवी, रसेल ऑर्मरॉड, १४ मिल लेन, आणि समोर सही. अकरावी, मिस अॅग्नेस क्रॅबट्री, जिला मी स्वतः खांदा दिला.

रसेलच्या नावाचं अक्षर तुझं आहे. सहीही तुझीच आहे, तू "र" ला शेपूट काढतेस. तो एकोणीस वर्षांचा होता, बर्नी. त्याने आयुष्यात एका मोटरसायकलच्या कागदावर सही केली आणि ती मोटरसायकल त्याला घेऊन गेली. ही त्याची दुसरी.

टॅटरसॉल शेवटी लिहितात की हे गैरसमजातून झालं असावं असं त्यांनी गृहीत धरलं आणि पुढे काही कारवाई केली नाही. म्हणजे नगरपालिकेतल्या एका अनोळखी माणसाने ते पान बघून विचार केला, गप्प बसायचं ठरवलं, आणि तूही गप्प बसलीस. मी एकटाच इकडे बोटं मोजत बसलो होतो.

पब माणसांनी भरलेला असताना तुला दोन जिवंत मतदार सापडले नाहीत?

क्लिफ


वीव्हर्स
१ मार्च २०१९

प्रिय क्लिफ,

सापडले असते. त्या दिवशी आत साठ माणसं होती. दारातल्या कुत्र्यालाही सही येत असती तर त्याने केली असती.

तू विचारलंस म्हणून जसं झालं तसं लिहिते.

१ सप्टेंबर. तू ऑगस्टात गेलास, त्यानंतरची पहिली हजेरी. अर्ज काउंटरवर होता. पानावर चोवीस ओळी. डेरिक म्हणाला, वही वाचतोच आहे तर एकेकाचं नाव अर्जावरही घे, ज्याचं त्याने येऊन सही करावी, वेळ वाचेल. वहीतली नावं जागेच्या क्रमाने, दारापासून, हे तुला सांगायला नको. पहिलं वाचलं, फ्रँक आला, सही करून गेला. दुसरं, आल्फ टिंडल. त्याच्या नातीने "इथंच" म्हटलं, पुढे आली आणि सही केली. माझ्या मनात काही आलंच नाही. खरं सांगते. नाव वाचलं, कुणीतरी इथंच म्हणालं, पेन चाललं. टेडच्या वेळी मी स्वतः इथंच म्हणाले आणि स्वतःच लिहिलं. नवरा मेलेला आहे हे मला पुसटसं आठवलं. पण हजेरीत मला ते आठवायची सवय नाही.

मग सातवं.

तिथे मला कळलं. तुझ्यापासून लपवून काय करू. रेडिएटरजवळ कुणीच नव्हतं. पंचवीस वर्षं ते नाव तू घेत आलास, आणि त्या दिवशी रेडिएटरजवळ नुसती भिंत. डेरिक वाचून थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काउंटरच्या आतून बाहेर आले, जागेवर जाऊन उभी राहिले आणि बोलले. परत आले तर पेन तिथेच, पान तिथेच, सातवी ओळ रिकामी. आणि तेव्हा मला स्वच्छ समजलं, की हा नगरपालिकेचा कागद आहे, आपली वही नाही.

मी पुढे जाऊ शकले असते. नुसतं आठव्या ओळीवर बोट ठेवायचं होतं. पण साठ माणसं बघत होती, क्लिफ. विमानतळावर जायच्या दिवशी, गाडीत बसल्यावर काच खाली करून तू मला काय म्हणालास? "रसेलची जागा कधी रिकामी दिसू देऊ नकोस, बर्नी. एकदाही नाही." मी त्याची गॉडमदर आहे, मानलेली आई. तू गेल्यावरच्या पहिल्याच महिन्यात मी ती ओळ कशी सोडणार होते?

लिहिलं. सही केली. शेपूट आलं असेल.

तुझी ओळ मात्र मी भरली नाही, कारण तू जिवंत आहेस आणि जिवंतासाठी कुणी बोलायचं नाही. म्हणून पान तुझ्याकडे पाठवलं. डेरिक म्हणत होता, तेवीस झालीत, एकवीस लागतात, पाठवून दे. वीव्हर्सची यादी क्लिफ ऑर्मरॉडशिवाय पाठवायची माझी हिंमत झाली नाही. तीन आठवडे मी रोज पोस्टाची वाट बघत होते. दुसरं पान घ्यावं, आणखी दहा नावं घालावीत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तीन जास्तच आहेत म्हणत होतो आम्ही.

नोव्हेंबरात टॅटरसॉलनी मला बोलावलं. पान समोर ठेवून हळू आवाजात म्हणाले, "मिसेस ओग्डन, यातले काही जण आम्हाला सापडत नाहीत." मी विचारलं, "तुम्ही कुठे शोधलंत?" "मतदार यादीत." मी म्हटलं, "मग नाहीच सापडणार. ते चर्चच्या मागे आहेत." त्यांनी हसावं म्हणून म्हटलं होतं. ते हसले नाहीत.

तुला सांगितलं नाही, कारण तू स्वतःला दोष देत होतास आणि तेवढ्यापुरतं माझ्यावरचं ओझं हलकं व्हायचं. याहून वाईट मी स्वतःबद्दल काही लिहू शकत नाही.

बर्नी


हाउगेसुंड
१२ मार्च २०१९

प्रिय बर्नी,

दोन दिवस रागात होतो. तिसऱ्या दिवशी राग शोधायला लागलो तर तो नव्हता. म्हाताऱ्या माणसाकडे काही टिकत नाही.

आता माझं ऐक. कागद खणात का ठेवला ते सांगतो. सहीपुढे "सध्याचा पत्ता" असा रकाना होता. मी पेन हातात घेतलं आणि मला इथला पत्ता लिहिता येईना. स्पेलिंग येतं. जेनीनने चिठ्ठीवर लिहून फ्रीजवर चिकटवलंय, रस्त्यात हरवलो तर म्हणून. पण तो वीव्हर्सच्या कागदावर लिहिला की मी गेलो, असं झालं. मग तीन आठवडे खण उघडायचो आणि बंद करायचो. शेवटी मी १४ मिल लेनच लिहिलं. तू पान बघितलंस, तुला ते दिसलं असेल, आणि तू काही बोलली नाहीस. रसेलच्या खाली त्याचाच पत्ता. बापलेक दोघंही तिथे राहत नसलेले.

तेव्हा तीन आठवडे माझे आणि चार नावं तुझी. दोन्हींतलं एक जरी झालं नसतं तरी पब वाचला असता. दोन्ही झालं. मी खूप फिरवून बघितलं, यातून बाहेर यायला कुठे फट दिसत नाही.

२३ तारखेच्या, वीव्हर्समधून जायच्या शेवटच्या सामन्याला मी येणार असं जेनीनने तुला कळवलं होतं. ते रद्द झालं. डॉक्टर विमानाला नाही म्हणतात. बोटीने जातो म्हटलं, तर त्यांनी जेनीनकडे बघितलं आणि तिच्याशी नॉर्वेजियनमध्ये बोलायला लागले. माझ्याबद्दलचं सगळं महत्त्वाचं आता मला न कळणाऱ्या भाषेत ठरतं.

रसेलची जागा रिकामी दिसू देऊ नकोस असं मी तुला म्हणालो होतो. त्यातून मी तुला मोकळं करतो. २९ तारखेनंतर जागाच नाही, तर शब्द कशाचा?

तुझा,
क्लिफ


हिल टॉप, एल्सी आणि डेरिककडे,
ब्रॅकनशॉ
३१ मार्च २०१९

प्रिय क्लिफ,

परवा सकाळी दहाला किल्ल्या दिल्या. कीरनने सही घेतली. मी म्हटलं, बघून घे, जिवंत आहे. त्याला कळलं नाही, आणि सांगत बसावंसं वाटलं नाही. एल्सीने मला त्यांची मागची खोली दिली आहे. डेरिक घोरतो ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. टेडपेक्षा कमी.

तू मला मोकळं केलंस. आभार. पण ते तुझ्या हातात नाही.

१६ तारखेला घरचा सामना नव्हता, तेव्हा आम्ही कालव्यापलीकडच्या नेल्सनमध्ये एक तालीम करून बघितली. हो, नेल्सन. पाहुण्या संघाच्या लोकांचा पब. चाळीस वर्षांत आपल्यातलं कुणी त्याची पायरी चढलं नव्हतं. फ्रँक दारात पाच मिनिटं उभा होता, त्याच्या बापाने बघितलं तर म्हणून. तिथला मालक आंद्रे चांगला माणूस. त्याने टीव्ही बंद केला, टेबलं सरकवली, स्वतः बाजूला झाला.

डेरिकने वही उघडली. पहिलं नाव. फ्रँक म्हणाला, "कुठे उभा राहू?" कुणालाच सांगता येईना. आपल्याकडे तो दारामागे, कोट टांगायच्या खुंटीखाली. नेल्सनचं दार उलट्या बाजूला उघडतं. दुसरं नाव, आल्फची नात नुसतीच इकडेतिकडे बघत होती. मी रेडिएटर शोधला. त्यांच्याकडे जमिनीखालून गरम पाणी फिरवतात, भिंतीला काही नाहीच. मी खोलीच्या मधोमध उभी होते, क्लिफ, आणि सातवं नाव आलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. लाजल्यासारखं झालं, परक्याच्या घरात मोठ्याने गायला सांगितल्यासारखं. डेरिकने अकराव्या नावापर्यंत वाचलं आणि वही मिटली. आंद्रेने सगळ्यांना बिअर दिली. कुणी पुरी प्यायली नाही.

२३ तारखेला आपण जिंकलो. दोन-एक. तू नव्हतास तेव्हाच जिंकायचं होतं त्यांना.

आता पुढचं.

शनिवारी, ६ एप्रिलला, घरचा सामना आहे. महिन्यातला पहिला. पत्र्याचं कुंपण बुधवारी लागणार. परवा मी कीरनला विचारलं, शनिवारी सव्वादोनला पंधरा मिनिटं आम्हाला आत जाऊ देशील का? तो म्हणाला, आत काम सुरू झालेलं असेल, हेल्मेटशिवाय कुणाला सोडता येत नाही. मी विचारलं, हेल्मेटं किती आहेत? तो गाडीत जाऊन मोजून आला.

"सहा."

"आम्ही बत्तीस आहोत. एक नॉर्वेत, म्हणून एकतीस. आणि अकरा."

"अकरांना हेल्मेट लागणार नाही ना?" तो म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं नाही. तोच एक जण त्यांना मोजतो.

सहा जणांचंही त्याने कबूल केलेलं नाही. साहेबांना विचारून गुरुवारी कळवतो म्हणालाय. काल रात्रीच्या जेवणाला सहा कोण यावर वाद झाला. डेरिकला वही वाचायची आहे, पण त्याचं डोकं कुठल्याच हेल्मेटात मावत नाही, असं एल्सी म्हणते. शेवटी असं ठरलं की डेरिक वही घेऊन उंबऱ्यावर उभा राहील, म्हणजे आतल्या सहा जणांना आणि रस्त्यावरच्यांना सारखंच ऐकू जाईल. बाहेरच्यांनी भिंतीपलीकडे आपापल्या जागेसमोर उभं राहायचं. आत मी एक. माझ्याबद्दल वाद झाला नाही.

साहेब नाही म्हणाले तर सगळेच बाहेर.

हे पत्र जलद टपालाने टाकते; दोन पंधराला जेनीनचा फोन मोकळा ठेव. तुमच्याकडे तेव्हा तीन पंधरा. मी फोन हातात धरून उभी राहीन. सातव्याला मी बोलेन. आठव्याला डेरिक थांबेल, तेव्हा "ऐकू येत नाही" म्हणू नकोस. जिवंत माणसाने स्वतः यावं असं तुझ्या नियमात आहे. फोनवरून आलं तर ते येणं धरायचं का, यावर मत घेतलं. सोळा विरुद्ध चौदा, नाही धरायचं. तरीही फोन मोकळा ठेव.

आणखी एक. नळ आणि रेडिएटर शुक्रवारी काढणार आहेत, भंगारवाला त्याच दिवशी येतो. मी कीरनला म्हटलं, सगळे काढा, दारापासून सातव्या जागेचा तेवढा शनिवारपर्यंत राहू दे. तो म्हणाला, पाइप सगळ्यांचा एकच आहे, मिसेस ओग्डन. मग स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर त्याने काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाला, बघतो.

तुझी,
बर्नी